अनिकेतचं वेगळं आहे

प्रिय मोनाली,

'प्रिय' हे सवयीनं लिहून गेले. कॉलेजपासूनची सवय, एका पावसाळ्यात जात नाही. खोडणार होते, पण तुझ्यावर तेवढी तरी शाई कशाला खर्च करू.

पोरांना शाळेतून काढायची कल्पना तुझी. बुऱ्हाणपुरात लालबागला तुझ्या गच्चीवरच्या हॉलमध्ये आम्हां पाच घरांना बसवून तू सांगितलंस, की इथल्या शाळांत आपली मुलं हिंदीत स्वप्नं बघायला लागलीत, अजून एका पिढीनं घरात मराठी उरणार नाही. तेव्हा आपणच मिळून त्यांना घरी शिकवू. गणित-विज्ञानासोबत आपली भाषा, आपले सण, आपली गाणी. तू बोलतेस छान. घरात नवऱ्याचा, रमेशचा विरोध होता, तरी मी आमच्या सायलीचा दाखला काढून आणला. जैनाबादच्या मालतीताई तर केळीच्या बागेतलं काम टाकून रोज त्यांच्या रोहितला घेऊन तापी ओलांडून यायच्या. तुझा अनिकेतही त्यांच्यातच बसायचा, म्हणून आमचा भरवसा.

आणि तू शिकवलंस काय? पोरींना नऊवारी, पोरांना फेटे, आणि मग फोटो. कुंडी भंडारा तुझ्या घरापासून चालत जाण्याएवढा. जमिनीखालून पाणी कसं येतं ते पोरांना बघायचं होतं, तर तू म्हणालीस, ते मोगलांचं, आपलं नाही. ते पाणी हे शहर पिढ्यान्‌पिढ्या प्यायलं, तुझं सासरही प्यायलं. पण तुझा वारसा पुण्याहून पार्सलनं यायचा. पदार्थ तिथले, बोलणं तिथलं, आरतीची चालसुद्धा तिथली. पुण्याचे पाहुणे आले त्या दिवशी सायली रोहितसारखं बोलून गेली, "मले तहान लागली." तू सगळ्यांसमोर तिच्या गालाला हात लावून हसलीस. "मले नाही, मला. गावठी नाही बोलायचं." मालतीताईंना तर तू पाहुणे जाईपर्यंत स्वयंपाकघरातून बाहेरच येऊ दिलं नाहीस. त्यानंतर सायली तुझ्या हॉलमध्ये तोंड उघडेनाशी झाली. तू ते शिस्त म्हणून कौतुकानं सांगायचीस.

जूनमध्ये अनिकेत दिसेना. मावशीकडे गेलाय, म्हणालीस. मग रमेशला तो स्टेशनवर दिसला, टाय, नवे बूट, मोठी पेटी. इंदूरच्या हॉस्टेलला निघालेला, आणि शेजारी तू. मी विचारायला आले तेव्हा तू लाजली असतीस तर मी कदाचित गिळून टाकलं असतं. तू चहा टाकलास आणि शांतपणे म्हणालीस, "अगं, अनिकेतचं वेगळं आहे. त्याला पुढे जायचंय."

म्हणजे आमच्या पोरांना कुठे जायचं होतं, मोनाली? मालतीताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या भांडी लावत होत्या. हातातलं भांडं ठेवून म्हणाल्या, "मंग आपले पोरं काय फोटूपुरते होते का?"  याचं उत्तर तुझ्याकडे आहे, पण ते ऐकायचीही आता इच्छा नाही.

तुला वाटलं असेल, तुझा हॉल सुटला आणि सगळं मोडलं. दोन घरांनी मुलं शाळेत परत घातली, त्यांना मी दोष देत नाही. उरलेले आम्ही नदीपलीकडे मालतीताईंच्या ओसरीत जमतो. गणित मी घेते, ओपन स्कूलच्या परीक्षेची तयारी चालू आहे. मुलं मले-तुले बोलतात, हिंदी बोलतात, पुस्तकातली मराठीही वाचतात. त्यांचा काही गोंधळ होत नाही, तो तुझाच व्हायचा. मागच्या आठवड्यात सगळी मुलं कुंडी भंडाऱ्यात उतरून आली. परत येताना सायली इतकी बोलली, इतकी बोलली, की रोहितनं कानात बोटं घातली. मी रिक्षात तोंड फिरवून डोळे पुसले. फेटा कुणाच्याच डोक्यावर नव्हता.

हे सगळं तुला कळवायची मला हौस नव्हती. पण रविवारी हॉस्टेलमधून अनिकेतचा फोन आला. तिथली मुलं त्याच्या इंग्रजीला हसतात, म्हणून तो जेवतानाही कुणाशी बोलत नाही. आधी रडला नुसता. मग म्हणाला, "मावशी, दिवाळीच्या छुट्टीत मी तुमच्याकडे शिकायला येऊ? मम्मीला सांगू नको." मी म्हटलं, लपवाछपवी नको बेटा, मी तिला लिहिते. म्हणून हे पत्र. पोरगं चांगलं आहे, तुझ्या घरात राहून कसं झालं कोण जाणे. पाठव त्याला. रोज सकाळी तापीच्या पुलापर्यंत सोड, पुढे सायली आणि रोहित घ्यायला येतील. तू मात्र अलीकडेच थांब.

तुझी नाही, पण अनिकेतची अजूनही,
वैजयंतीमावशी