चैत्रगौरीची ओताई

अहो आई,

काल आपल्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. आपल्याकडे म्हणजे इथे भोपाळातच, अवधपुरीला, तुमच्या नातवाच्या घरी. टाउनशिपचं क्वार्टर सोडून बरीच वर्षं झाली, कारखान्याचा भोंगा इथे वारा त्या बाजूचा असेल तरच ऐकू येतो. हळदीकुंकू सुनेने केलं, ओताई मी केली. आणि त्या गडबडीत माझ्या तोंडून एक गोष्ट निघून गेली, ती घरात कुणाजवळ बोलायची सोय नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा बोलले नाही आणि आता लिहितेय. वरातीमागून घोडं, असं तुम्ही म्हणाला असतात, आणि म्हणा खुशाल.

ओताई हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो लग्न होऊन आले त्या चैत्रात. ग्वाल्हेरला आमच्याकडे हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि कैरीचं पन्हं, त्यापलीकडे कुणाचं डोकं चालायचं नाही. इथे येऊन बघते तर तुम्ही विळीवर बसलेल्या, आणि कलिंगडाची फोड खवणीवर धरून चक्क नारळासारखी खवताय! खाली परातीत लालभडक रस गळतोय. बाबांना कारखान्याने टोंगा नावाच्या दूरच्या बेटावर वीजघराची यंत्रं बसवायला पाठवलं होतं, तुम्ही बरोबर गेला होतात, आणि तिथल्या शेजारणीने तुम्हाला हे पेय शिकवलं, ही सगळी कथा तुम्ही खवता खवता सांगितलीत. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती. ती बाई लाकडी बैठकीवर बसून पुढच्या लोखंडी दातांवर नारळ खवत होती, ते बघून तुम्ही म्हणालात, "अगं बाई, ही तर माझी विळी!" आणि तिला उठवून स्वतःच खवायला बसलात. तिथून पुढे सगळं सोपं झालं, असं तुम्ही म्हणायचात. कलिंगड खवायचं, मिक्सरला लावायचं नाही, दाताखाली आलं पाहिजे. त्यात ओला नारळ, नारळाचं दूध, गार पाणी, साखर. लिंबू अगदी शेवटी.

पुढच्या वर्षी मी हट्टाने म्हणाले, ओताई मी करते. आता आमच्याकडे नारळ म्हणजे देवापुढे फोडायचा, त्याचं दूध काढायचं हे माझ्या बुद्धीला पटेना. भोपाळात तेव्हा नारळ मिळायचे तेही निम्मे खवट निघायचे. रत्नागिरीहून कुणाच्या तरी हाती आलेले तुमचे चार नारळ जपून ठेवलेले, म्हटलं कशाला नासवा, दूध ते दूध. घातलं म्हशीचं दूध, वरून पिळलं लिंबू. बायका दाराशी चपला काढतायत आणि माझ्या पातेल्यात गुलाबी गुठळ्या तरंगतायत. तुम्ही आत आलात, पातेल्यात डोकावलात. मला वाटलं आता माझं काही खरं नाही. तुम्ही म्हणालात, "काय गं हे, कलिंगडाचं पनीर?" आणि पदर तोंडाला लावून अशा हसलात की मलाही रडता रडता हसू आलं. बाहेर जाऊन तुम्ही सांगितलंत, "यंदा मीच आळस केला बाई, पन्हंच आहे." माझं नाव नाही घेतलंत. दुसऱ्या दिवशी ते पनीर गाळून, साखर घालून आपण दोघींनी खाल्लं. तुम्ही ही गोष्ट बाबांनाही कळू दिली नाहीत. माझी लाज तुम्ही अशी झाकलीत, हे लिहिताना आज मान वर होत नाही.

कारण मग बाबा गेले. त्यानंतरच्या चैत्रात तुम्ही आपणहून म्हणालात, "आता हळदीकुंकू तुझं. मी आत बसून कलिंगड खवते." मी नुसती मान हलवली. एकदा तरी म्हणायचं, नाही आई, तुम्ही बाहेर बसा. तेवढंही म्हणाले नाही. बायका काय म्हणतील ही भीती होतीच, तिचं निमित्त मी पुढे बरीच वर्षं पुरवून वापरलं. पण खरं सांगू? मानाचं तबक पहिल्यांदा माझ्या हातात आलं होतं आणि मला ते आवडत होतं. मी नवी पैठणी नेसून बाहेर मिरवतेय, कुणी म्हणतंय, "ओताई काय सुरेख झालीय हो," आणि मी म्हणतेय, "घ्या ना अजून." तुम्ही आत. मधे फक्त एक पडदा, त्यामुळे तुम्हाला सगळं ऐकू जायचं. बायका निघताना मी प्रत्येकीच्या ओंजळीत भिजवलेले हरभरे घालायचे, ते हरभरेसुद्धा तुम्हीच आदल्या दिवशी भिजत घातलेले असायचे.

एका वर्षी तुम्ही ती मोतिया रंगाची चंदेरी नेसलात, बाबांनी घेतलेली. केस नीट विंचरून, अंबाडा घालून विळीवर येऊन बसलात. चंदेरी नेसून कलिंगड कोण खवतं? मला वाटलं, संध्याकाळी देवळात जायचं असेल. कूलरचा आवाज, बाहेर बायकांचा हशा, आणि तुम्ही पदर खोचून, मांडीवर जुनं फडकं पसरून बसलेल्या. मी दारात येते, तुम्ही वर बघता. माझ्या हातात तबक आहे, त्यात कुंकवाचा करंडा आहे. मी विचारते, "आई, बर्फ पुरेल ना?" तुम्ही मांडीवरचं फडकं सारखं करता आणि म्हणता, "पुरेल की." मी वळते आणि बाहेर जाते. त्या संध्याकाळी तुम्ही कुठेच गेला नाहीत. साडी घडी करून ठेवलीत आणि पुढच्या चैत्रात नेहमीचं सुती पातळ नेसलात.

आता कालचं ऐका. तुमचा लेक गेल्यापासूनचं हे पहिलं हळदीकुंकू. मी आपली न सांगता सकाळीच स्वयंपाकघरात जाऊन विळी पुढ्यात घेतली, हा आता आपला कोपरा, असं म्हणून. सून इथल्याच कोटऱ्याची, मराठीच, पण शाळा हिंदी, मला मम्मी म्हणते. बायका जमल्या तशी ती आत आली. "मम्मी, ये क्या? तुम्ही अजून इथेच? चला ना बाहेर, सगळ्या वाट बघतायत." मी म्हटलं, "अगं, हात बघ माझे." "रहने दो हात," म्हणाली आणि दंडाला धरून उठवलंच. बाहेर नेऊन खुर्चीवर बसवलं, आणि सगळ्यांदेखत पहिलं हळदीकुंकू मला लावलं. आई, मी एकदाही नको म्हणाले नाही. रीत म्हणून सुद्धा नाही. कपाळ पुढे केलं. कोपरापर्यंत रस ओघळत होता आणि मी लहान मुलीसारखी ओंजळ पसरून हरभरे घेतले.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं. पण सून कौतुकाने सगळ्यांना सांगायला लागली, "आमच्या घरात हे काही नवीन नाही. मम्मी, आजींना पण तुम्ही असंच बाहेर आणायचात ना?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आपल्या क्वार्टरच्या शेजारणीही होत्या, त्याच, दर वर्षी तुमच्या हातची ओताई पिणाऱ्या. त्यांना सगळं ठाऊक. आणि मी म्हणाले, "हो, आणायचे की." वर आणखी म्हणाले, "ऐकायच्याच नाहीत, ओढून आणावं लागायचं." त्यांतल्या एका शेजारीणबाईंनी मान खाली घालून पेल्यातलं कलिंगड चमच्याने ढवळलं आणि म्हणाल्या, "चव अगदी तुमच्या सासूबाईंचीच आलीय." त्यांनीही झाकलं. माझं नशीबच असं, की मला झाकणाऱ्या बायका मिळतात.

आज सकाळी सून ऑफिसला निघाली तेव्हा सांगून टाकायचं ठरवलं होतं. तिच्या मागे दारापर्यंत गेले. तोंडातून निघालं, "डबा घेतलास का?" तुमच्यापुढेही बर्फाचंच विचारलं होतं, तिथून मी काही पुढे सरकलेली नाही. हा कागदही दुपारी ती यायच्या आत फाडून टाकणार आहे, तिच्या हाती लागला तर मला तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

फाडायचाच आहे तर एक दुरुस्ती करते. वर लिहिलंय की तुम्हाला देवळात जायचं असेल असं मला वाटलं. तसं काही वाटलं नव्हतं, आई. तुम्ही कशासाठी तयार होऊन बसला होतात, ते मला दारातच कळलं होतं.