तारेची अकरा गेटं

शुक्रवार, ८ सप्टेंबर

सकाळपासून कॉफीचा घोट घेतला नाही. ऑर्लिनने विचारलं, "पोट बिघडलं का गं?" मी हो म्हणाले. खरं कारण इथे लिहिते — कॉफी प्यायली की वाटेत उतरावं लागतं, आणि उतरले की मला पुन्हा घोडीवर चढता येत नाही! डावा गुडघा मे महिन्यापासून कामातून गेलाय.

दरवर्षी आम्ही दोघं घोडे घेऊन तळ टाकतो त्या या माळावर ना दगड, ना ओंडका. पाय द्यावा असं काही नाही. तळावर ट्रेलरच्या चाकावरच्या पत्र्यावर उभी राहते आणि मॉलीवर चढते, तेही ऑर्लिन पाणी आणायला गेला की. अडुसष्टाव्या वर्षी सख्ख्या भावापासून चोरून!

पण बाबांचा नियम आहे. ज्या दिवशी जमिनीवरून आपलं आपण चढता येणार नाही, त्या दिवशी घोडा विकायचा. त्यांनी स्वतः एका सकाळी सँडीला विकलं आणि दुपारी मुकाट्याने जेवायला बसले. आम्ही दोघांनी त्यांना शब्द दिलाय; आज ते नाहीत, पण शब्द आहे. मॉली गेली तर मी काय करू? माझं दुसरं आहे कोण?

शनिवार, ९ सप्टेंबर

त्रेसष्ट साली पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मी आठ वर्षांची, ऑर्लिन सोळाचा. गेट धाकट्याने उघडायचं, हा इथला रिवाज. गेट म्हणजे काय, चार काटेरी तारा, तीन काठ्या, वर तारेचा फास. घोड्यावरून उघडतच नाही. उतरायचं, फास सुटेपर्यंत काठीला खांदा लावून जीव खाऊन दाबायचं, सगळे पलीकडे गेले की पुन्हा लावायचं. रान सरकारी असलं तरी चरणारी गुरं लोकांची. बाबा आणि ऑर्लिन पलीकडे थांबून मजा बघायचे. "गेटवाली, जेवणाच्या आत होईल ना?" साठ वर्षं मी यावरून कुरकुरतेय.

आणि आज! पहिल्याच गेटला मी रिकिबीतून पाय काढायच्या आत ऑर्लिनची स्वारी खाली. म्हणे, "बस तू." दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला तर शीळ घालत! शहात्तर वर्षांचा घोडा — दाखवतोय मला, अजून कसा टुणकन चढतो ते. टुणकन कसला, धापा टाकत होता. मला सुटल्यासारखं झालं, आणि रागही आला. माझं काम होतं ते.

दुपारचं सँडविच मी खोगिरातच खाल्लं. "इथून लांबचं दिसतं," म्हटलं. तो म्हणाला, "महाराणींचा खाना!"

संध्याकाळी तळलेले बटाटे, सॉसेज आणि मी करून आणलेला, रूबार्बच्या आंबट देठांचा केक. आईची आठवण आली. फुटू नयेत म्हणून ती अंडी घोड्यांच्या ओटच्या पोत्यात पुरून द्यायची. बाबा कोपरापर्यंत हात घालून एकेक काढायचे. फुटलेलं निघालं की ते ऑर्लिनच्या ताटात! "मोठा आहेस, चालतं," म्हणायचे. किती हसायचो आम्ही! आता त्या टेकडीमागे तेलाच्या विहिरीची ज्योत दिसते. तेव्हा काही म्हणजे काही नव्हतं.

रविवार, १० सप्टेंबर

गार वारा, सेजच्या झुडपांचा वास, कुंपणाच्या खांबावर चंडोल. पोटभर सुख. आजही सगळी गेटं त्यानेच उघडली.

सोमवार, ११ सप्टेंबर

आज घडलं ते लिहूनच टाकते.

परतीच्या वाटेवरचं शेवटचं गेट. ऑर्लिनने लावलं, रिकिबीत पाय घातला आणि चढता न येऊन मागे आला. पुन्हा घातला. पुन्हा मागे. त्याचा घोडा राऊडी बिचारा दगडासारखा उभा. तिसऱ्यांदा ऑर्लिन गवतात बसला, बसूनच राहिला.

मी उतरून आधार द्यायला हवा होता. नाही उतरले. उतरले असते तर माझंही बिंग फुटलं असतं. मी खोगिरात बसून राहिले! तो तीन मैल लगाम धरून पायी आला, आणि मी पुढे, घोडीवर.

तळावर खोगीर काढता काढता म्हणाला, "राऊडीला विकतो."

"अरे, एखादा दिवस असतो असा."

"बाबांनी असं म्हटलं होतं?"

साठ वर्षं याने माझी थट्टा केली, पण मला एकटीला कधी चालायला लावलं नाही.

गुरुवार, १४ सप्टेंबर

घरी आलोय. शेजारच्या गावातल्या एका मास्तरीणबाई राऊडीला घेऊन गेल्या. ऑर्लिनने त्याला तासभर खरारा केला, ट्रेलरमध्ये चढवला, आणि गाडी निघायच्या आत घरात गेला. मी अंगणात उभी. मला माझीच लाज वाटते. उद्या सांगणार. मग मॉली जायची असेल तर जाऊ दे.

शुक्रवार, १५ सप्टेंबर

सांगितलं. तो बटाटे सोलत होता, मान वर केली नाही. "मेमध्येच बघितलं मी तुला, कुंपणाला लोंबकळत घोडीवर चढताना. त्या वाटेवर अकरा गेटं आहेत गं. तुझ्याने एकही झालं नसतं. जा, घोडी राख. वर गेल्यावर बाबांना काय सांगायचं ते मी बघतो."