वापरात नसलेलं नाव

१२ सप्टेंबर २०२४, नेपरव्हिल

आठवीत असताना आसावरी आणि मी एकाच डब्यातून जेवायचो. कॉन्व्हेंटच्या मागच्या पायरीवर, दुपारी बारा वाजता. ती कोपरानं ढकलत म्हणायची, कुंदे, सरक की गं जरा. वरच्या खिडकीतून सिस्टर ऑगस्टिन ओरडायच्या की इंग्लिशमध्ये बोला. मग आम्ही न बोलता सरकायचो.

आज विमानतळावरून घरी पोचते न पोचते तोच तिचा फोन आला. ती चाळीस वर्षं इकडेच, श्रूजबरीत आहे. म्हणाली, आलीस का एकदाची कुंदे! मला कुंदा म्हणणारी आता जगात ती एकटीच. लग्नात ह्यांनी तांदळात अंगठीनं 'मृणालिनी' लिहिलं आणि कुंदा तिथंच राहिली. आईबाबा गेले, भाऊ गेला. गेल्या वर्षी हेही गेले.

मुलानं, निमिषनं, मला वरची खोली दिली आहे. खिडकीतून तळं दिसतं, त्यात बदकं. सुनेनं, उल्कानं, माझ्यासाठी मऊ खिचडी केली होती. सात वर्षांची उर्वी विचारत होती की आजी कायमची राहणार का. हो म्हटलं तर माझ्या अंगावरच येऊन पडली. फार बरं वाटलं.

२१ सप्टेंबर

घरात बसून काय करायचं म्हणून उल्कानं मला जवळच्या एका छोट्या कॉलेज म्युझियममध्ये व्हॉलंटियर केलं. आठवड्यातून दोन दुपारी. गळ्यात 'मृणालिनी' असा बिल्ला. लिंडा नावाच्या बाई सगळं पाहतात. माझं इंग्रजी त्यांना आवडलं. नन्सनी शिकवलंय म्हटल्यावर म्हणाल्या, तरीच.

आम्ही इजिप्तच्या दालनात असतो. एकच मोठी वस्तू आहे, एका बाईची लाकडी शवपेटी. आत कोणी नाही, पेटी रिकामीच मिळाली. झाकणावर रंगवलेला चेहरा, काळेभोर उघडे डोळे. पोटावरच्या लेखात पाच ठिकाणी लाकूड खरवडलेलं आहे. लिंडांनी सांगितलं की तिथं तिचं नाव होतं. त्या लोकांची समजूत अशी की नाव हा माणसाचा एक भागच, हातापायांसारखा. नाव कोणी उच्चारत राहिलं तर मेलेला माणूस तिकडे जगतो, त्याला भाकरी पोचते, पाणी पोचतं. नाव पुसलं की तो दुसऱ्यांदा मरतो, आणि त्यानंतर काही नाही. कोणीतरी रागानं हिचं नाव पुसलं होतं.

येताना गाडीत सारखी तीच डोळ्यांसमोर होती.

२ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावस्या

ह्यांचं पान मागच्या अंगणात ठेवलं. अर्धा तास कावळा नाही. निमिष म्हणाला, कावळ्याचा व्हिसा रिजेक्ट झाला असेल. शेवटी खार आली आणि वडा घेऊन पळाली. उल्का म्हणाली, बाबांना वडा आवडायचाच. आम्ही सगळे हसलो, मग मी थोडी रडले.

दुपारी म्युझियममध्ये शुकशुकाट होता. भिंतीवर एक फलक आहे, 'हजार भाकरी, हजार घडे' असा मंत्र आणि खाली सूचना, की मृताचं नाव मोठ्यानं घ्या. हिचं काय घेणार? आपल्याकडे आज ज्यांचं कोणी नाही त्यांनाही पाणी देतात. मला वाटलं, माझं एक नाव नुसतं पडून आहे. वापरात नसलेली चांगली साडी एखादीला द्यावी, तसं म्हटलं, कुंदा घे. मोठ्यानं म्हटलं. हजार भाकरी कुंदाला, हजार घडे कुंदाला.

छान वाटलं. हलकं.

११ ऑक्टोबर

आसावरीचा फोन. मला मृणाल म्हणाली. मी म्हटलं, आज काय एवढा मान? तर विचारते, कुंदा कोण? मी डब्याची आठवण दिली. तिला डबा आठवतो, पायरी आठवते. पण ती म्हणे एकटीच बसायची. मग हसून म्हणाली, मृणाल, आपली ओळख तर उल्काच्या लग्नातली ना गं?

वय झालं तिचं. फोन ठेवल्यावर मी शाळेचा दाखला काढला. नावाच्या जागी कागद खरखरीत आहे. कुणीतरी ब्लेडनं खरवडल्यासारखा.

१९ ऑक्टोबर

बोटांच्या टोकांना काही लागत नाही. सकाळी उकळता चहा हातावर सांडला आणि उल्का किंचाळली तेव्हा कळलं. दुखलं नाही. भीतीही नाही वाटत. वाटायला हवी.

जेवणाला चव नाही. मीठ घातलं, परत घातलं.

३० ऑक्टोबर

उल्कानं टेबलावर तीन ताटं मांडली. मी उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, नाव आठवावं तसं पाहिलं, आणि मग सॉरी सॉरी म्हणत चौथं आणलं. दिवाळीच्या कामांनी दमलीय बिचारी. 

८ नोव्हेंबर

उर्वीची शाळा म्युझियमला गेली होती. मी गेले नव्हते, पाय बधिर आहेत. उर्वी येऊन सांगत सुटली, आज कुंदा आजीनं आम्हाला फिरवलं, शी इज सो फनी. तिला निमिषच्या लहानपणीच्या गोष्टी माहीत आहेत. त्यातला सशाचा किस्सा तर मी आजवर कोणालाच सांगितला नव्हता.

तिचे हात कसे होते, मी विचारलं. उर्वी म्हणाली, ड्राय, पण गरम.

१५ नोव्हेंबर

गेले. परत मागायला. लिंडांनी मला तिकीट विचारलं. बिल्ला पुढे केला, तो कोरा होता. पेटीजवळ गेले. खरवडलेल्या जागा भरल्यात, लाकूड गुळगुळीत, त्यावर ताजी चित्रलिपी. झाकणावरचे डोळे मिटलेले.

मी म्हटलं, बाई, माझं आहे ते, दे. मागून कोणीतरी हसलं. अगदी ओळखीचं हसू. माझंच, शाळेतलं.

वळून पाहिलं नाही. लिंडा तिला कुंदा म्हणून हाक मारत होत्या.

आणि मी दुसरं नाव उच्चारायला गेले. तेही जिभेवर आलं नाही. वर लिहिलेलं आहे ना या वहीत? शोधलं. मला तिथं नुसता डाग दिसतो.

२८ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंग. ती जेवायला आली. बर्फात अनवाणी चालत आली आणि कोणाला नवल वाटलं नाही. निमिषनं तिला आई म्हटलं. म्हणाला, आई, दमलीस का गं — त्याच आवाजात, जसा मला —

मी जिन्यावर बसून पाहिलं. चार ताटं होती. ती पोटभर जेवली. हजारो वर्षांची भूक असेल. राग येत नाही. निमिषचा खांदा थोपटत होती, हळुवार थोपटत होती. जेवताना एकदाच वर पाहिलं तिनं, माझ्याकडे. मान हलवली. साडी देणाऱ्या बाईचे आभार मानावेत तशी.

१ डिसेंबर

माझी खोली आता तिची. माझ्या कपाटाला तिनं अजून हात लावलेला नाही. त्याआधी लिहून ठेवते. पेन धरलंय की नाही ते बघावं लागतं —

मोत्यांची नथ मुलीला. लहान मुलीला, जी जिन्यावर बसून मोजे घालते तिला. मोठी झाल्यावर.

जांभळी पैठणी श्रूजबरीला पाठवा. तिथल्या बाईंना. त्यांना कळणार नाही कोणी पाठवली. तरी पाठवा.

ह्यांचं घड्याळ मुलाला. किल्ली रोज द्यावी लागते.

पाटल्या सुनेला. तिनं मला चौथं ताट आणलं होतं.

तिला, त्या बाईला, काही देऊ नका. तिला मिळालंय.

आणि ही वही ज्याला सापडेल त्यानं एवढंच करावं, मोठ्यानं वाचावी, आणि शेवटी म्हणावं, हजार भाकरी, हजार घडे —