बहीण: नाही

३ तारीख, सोमवार
पिवळा पास! पुन्हा पिवळाच! सात महिने झाले या नौदलाच्या गोदीत वेल्डिंग करतोय, तरी मी पाहुणाच. मुतायला जायचं तरी शिपाई मागे. आज तर दाराबाहेरून ओरडला, "उरक की लवकर, मला जेवायचंय!" हिरवा पास मिळाला की थेट जहाजाच्या पोटात काम, आणि नोकरी कायम. त्यासाठी अकरा पानांचा फॉर्म भरून दोन महिने झाले. मुकादम म्हणतो, "चौकशी चालू आहे." कसली चौकशी? वेल्डर आहे मी, हेर नाही!

५ तारीख
क्रेनवाल्या लंबूला हिरवा पास आला. त्याने फॉर्म माझ्यानंतर भरलेला! जेवताना छाती पुढे काढून बसला. "डोळे दिपले का रे?" डबा उचलून दुसरीकडे जाऊन बसलो.

११ तारीख, मंगळवार
चौकशीवाल्या साहेबांनी बोलावलं. छोटी खोली, टेबलावर फक्त माझा फॉर्म.
"बहीण?"
"नाही."
त्यांनी घराकडच्या कचेरीतला जुना कागद पुढे सरकवला. मुलं दोन. ताईचं नाव माझ्या वर.
काय सांगणार! ताई नर्स होती. दवाखान्यात आलेल्या एका परदेशी माणसाशी लग्न केलं आणि त्याच्या देशात गेली. सहा वर्षं झाली. बाबांनी आईला आणि मला समोर बसवून सांगितलं, "आजपासून मला एकच पोर." तेव्हापासून कुणीही विचारलं की आम्ही एकच सांगतो. सवयच लागली. फॉर्मातही हात तसाच चालला. खोटं लिहितोय असं मनातसुद्धा आलं नाही — शपथ!
साहेब म्हणाले, "बहीण परदेशात असणं गुन्हा नाही. अशा कितीतरी जणांना पास दिलेत मी. पण तू लपवलंस. आता तुझी कुठली ओळ खरी धरू?"
नवा फॉर्म दिला. 'परदेशी नातेवाइकांशी संपर्क' — तिथे लिहिलं, 'घरात कोणाचाच नाही. सहा वर्षं.' खाली सही ठोकली. हे तरी खरं आहे ना!
पण एवढ्यावर भागत नाही. वडिलांनी स्वतःच्या हाताने वेगळा कागद भरायचा. तीस तारखेच्या आत. नाहीतर माझं नाव यादीतून बाद.

१२ तारीख
कोरा कागद पोस्टात टाकला आणि बाबांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "मला मुलगी नाही."
"बाबा, सरकारला माहीत आहे, आहे म्हणून!"
फोन ठेवून दिला!

१५ तारीख
आईला फोन. "थांब रे जरा, मी बघते." कायम हेच. सहा वर्षं बघतेच आहे.

१९ तारीख, बुधवार
कागदाचा पत्ता नाही. मुकादम सकाळीच आला, "तुझ्या जागी दुसरा बघू का?" डोकं फिरलं. एकच जोड दोनदा फुटला, अख्खा पाइप वाया. राग काढायचा तरी कुणावर? ताईवर काढला. ती तिकडे सुखात, आणि इथे मी शिपायाला विचारून मुततोय! मनातल्या मनात खूप बोललो तिला. बोलताना तिचा चेहरा आणायला गेलो, तर नीट आठवेना. मग जास्तच चिडलो.

२१ तारीख
काही नाही.

२६ तारीख, बुधवार
बाबांचा कागद आला. गोदीच्या फाटकाबाहेर उभ्यानेच फोडला. बाबांचं ते ठसठशीत अक्षर, कुठे खाडाखोड नाही. मुलगी: एक. तिचा पत्ता, फोन नंबर, जावयाचं नाव, त्याचा कामधंदा, सगळं. संपर्क: दर रविवारी, मी फोन करतो. शेवटचा: गेल्या रविवारी. त्याखाली, रकान्याबाहेर — घरी कोणाला माहीत नाही.
हा कागद दिला की मी साहेबांपुढे दुसऱ्यांदा खोटा.
दिला. त्याआधी नंबर तेवढा हातावर उतरवून घेतला.