सहा टेपांतला आवाज

सोमवार, ९ ऑगस्ट १९९९. सांगली

चारूच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. दोन सप्टेंबर, मिरजेला. डॉक्टरांनी कागदावर गळ्याचं चित्र काढून समजावलं. गाठीसकट स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. "जीव वाचेल, आवाज जाईल," एवढं स्पष्ट बोलले. चारूने फक्त विचारलं, जेवता येईल ना? येईल म्हणाले.

घरी आल्या आल्या कपाटातून व्हिडिओ कॅमेरा काढला. चारूच्या भावाने, म्हणजे माझ्या मेहुण्याने, ९२ साली मस्कतहून आणलेला. सहा टेपा आहेत. आता तिचा आवाज घोगरा, नुसता वारा आल्यासारखा. पण टेपांत तो पूर्वीचा आहे — बालवाडीच्या अंगणात चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारा! टेप किती वर्षं टिकते कोण जाणे. कॉम्प्युटरवर उतरवायच्या, सीडी करून ठेवायच्या. दोन तारखेच्या आत.

बुधवार, ११ ऑगस्ट

लेकीने, सईने, मे महिन्यात पुण्याहून तिचा जुना कॉम्प्युटर आणून इथे मांडला. व्हिडिओ उतरवायचं कार्डही त्यात बसवलं, तेव्हा मी म्हणालो होतो, मला कशाला? आज पहिली टेप लावली. चित्र झकास. आवाज तुटतो. कधी अर्धा सेकंद, कधी दोन. "सई, इकडे ये, तुझ्या—" आणि पुढे नुसते ओठ हलतात.

बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाईनचे दोष शोधले. रिटायर झालो म्हणून काय झालं. हाही सापडेल.

गुरुवार, १२ ऑगस्ट

वायर बदलली. नवी पिन सोल्डर केली. फरक नाही.

शनिवार, १४ ऑगस्ट

खात्यातली रीत — आधी दोष कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवायचं, मग हात घालायचा. कॅमेरा थेट टीव्हीला जोडला. पूर्ण टेप ऐकली, एकदाही तुटली नाही. म्हणजे टेप चांगली. मग तीच टेप कॉम्प्युटरवर दोनदा उतरवली आणि कुठे कुठे तुटते त्या वेळा टिपल्या. पहिल्यांदा एकतीस जागा. दुसऱ्यांदा अठ्ठावीस, आणि सगळ्या वेगळ्या. दोष कॉम्प्युटरातच. निम्मं काम झालं.

रविवार, १५ ऑगस्ट

सईला फोन केला. तिने एकेक सांगितलं, मी एकेक केलं. पडद्यावर आपोआप येणारी चित्रं बंद. व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम बंद. डिस्कवरच्या फाइली नीट लावून घेतल्या, त्यात दुपार गेली. आता नऊ जागा उरल्या.

शेवटी म्हणाली, आईला फोन द्या. डॉक्टरांनी चारूला कमी बोलायला सांगितलंय. ती रिसीव्हर कानाला लावून पाऊण तास ऐकत होती. मधूनच हं म्हणायची.

मंगळवार, १७ ऑगस्ट

आज जे झालं ते लिहायलाच हवं.

कानाला हेडफोन लावून दुसरी टेप ऐकत होतो. वाईच्या घाटावरची, ९४ सालची. चारू सईला ओरडतेय, पायरीवर शेवाळ आहे, पुढे जाऊ नकोस. खणखणीत आवाज. मी डोळे मिटून तुटण्याची वाट बघत होतो. कुणीतरी खांद्याला हात लावला. वळलो तर चारू. धाप लागलेली, कपाळावर घाम. स्वयंपाकघरात कुकरची वाफ हाताला लागली होती. तिने मला चार वेळा हाक मारली म्हणे.

मला ऐकू आली नाही. कारण मी तिलाच ऐकत होतो.

हात नळाखाली धरला, मलम लावलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मशीन बंद केलं. दिवसभर परत लावलं नाही.

गुरुवार, १९ ऑगस्ट

सकाळी कॉम्प्युटरच्या खोलीत आलो तर खुर्चीत चारू. हेडफोन लावून बसलेली, हातात पेन्सिल. म्हणाली, "आवाज माझा आहे. कुठे तुटतो ते तुमच्यापेक्षा मला आधी कळेल."

खरंच कळतं! मी नऊ टिपल्या होत्या त्या टेपेत तिने अकरा काढल्या. आजपासून ऐकायचं काम तिचं, दुरुस्तीचं माझं. हेडफोन मी लावायचे नाहीत असंही ठरलं. हे मीच ठरवलं.

रविवार, २२ ऑगस्ट

सापडला!!

सई पहाटेच्या गाडीने आली. चहा होताच कॉम्प्युटरचा डबा उघडला. साउंड कार्ड आणि व्हिडिओचं कार्ड, दोघांना कॉम्प्युटरने एकच नंबर दिला होता. म्हणजे तारांच्या एका जोडावर दोन टेलिफोन — एक बोलायला लागला की दुसऱ्याचं बोलणं तुटणार. खात्यात अशा तक्रारी शेकड्याने सोडवल्या आणि हे दहा दिवस डोक्यात आलं नाही. व्हिडिओचं कार्ड शेजारच्या खाचेत बसवलं, नंबर वेगळा झाला. पहिली टेप पूर्ण उतरवली. चारूने पूर्ण ऐकली. पेन्सिल टेकलीच नाही.

सई संध्याकाळी परत गेली. निघताना आईच्या गळ्याला हात लावला आणि लगेच पिशवी उचलली.

मंगळवार, २४ ऑगस्ट

तीन टेपा झाल्या. चौथीला पुन्हा आवाज तुटला. पण आता घाबरलो नाही. दोनदा लावली, दोन्ही वेळा त्याच जागा, आणि टीव्हीवरही त्याच. म्हणजे कॉम्प्युटर निर्दोष. कॅमेरा नाहीतर टेप.

बुधवार, २५ ऑगस्ट

मारुती चौकाजवळ हंबीरराव म्हणून टीव्ही मेकॅनिक आहे. त्याच्याकडे कॅमेरा नेला. भिंग लावून बघितलं न् म्हणाला, "लय मळ बसलाय बघा हेडवर. घरी कापूस घालू नका साहेब, धागा अडकला की संपलं." मऊ चामड्याने, स्पिरिटने साफ करून दिलं. टेपेवर जरा बुरशी होती, ती पुसली. कुणाच्या आवाजासाठी हे विचारलं, मी सांगितलं. मग त्याने सगळं परत एकदा पुसलं.

चौथी, पाचवी स्वच्छ.

शनिवार, २८ ऑगस्ट

सहावी. एकच जागा राहिली. टेप तिथे चुरगळलीय. अकरा सेकंद. चित्रात रेघा, आवाज शून्य. तीन दिवस झगडतोय. उलटी फिरवून, हळू फिरवून, हंबीररावच्या दुकानातल्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर लावून पाहिलं. नाही.

दुपारी पुन्हा लावत होतो तर चारूने हात धरला. म्हणाली, तिथे मी काय बोलले ते मला आठवतंय. आणि त्या घोगऱ्या आवाजात, मध्ये दोनदा थांबून म्हणाली, "कॅमेरा ठेवा आता. जेवण निवतंय."

मशीन बंद केलं. जेवायला बसलो. थालीपीठ, दही.

सोमवार, ३० ऑगस्ट

दुकानातून सीडींचे दोन संच करून आणले. एक सईला, एक घरी. काम संपलं.

गुरुवार, २ सप्टेंबर. मिरज

साडेसातला आत नेलं. स्ट्रेचर दारापाशी थांबलं तेव्हा मला जवळ बोलावून म्हणाली, "मागचा नळ बंद केला का?" हो म्हणालो. केला होता की नाही, आठवत नव्हतं.

शुक्रवार, ३ सप्टेंबर

ऑपरेशन नीट झालं. गाठ पूर्ण निघाली म्हणतात. काचेतून पाहिलं. सई आली आहे.

रविवार, ५ सप्टेंबर

आज तिला बाहेरच्या खोलीत आणलं. शुद्ध पूर्ण. हाताने खूण केली, लिहायला कागद हवा. सई औषधं आणायला गेलेली. माझ्या पिशवीत कागद म्हणजे ही एकच वही, आजवर कुणाला न दाखवलेली. दिली. तिने मागची पानं उलटली नाहीत. इथेच, याच्या खाली लिहिलं —

सहाही टेपा मी पूर्ण ऐकल्या. त्यांत तुम्ही एकदाही बोलला नाहीत. आता तुम्ही बोला, मी ऐकते.