भाला पडल्याचे सांगण्यास एक इसम मिळण्याबाबत

प्रति,
मेहेरबान तहसीलदार साहेब,
तहसील कचेरी, वाशीम, जिल्हा अकोला.

अर्जदार : रहमतुल्ला वल्द सैफुद्दीन, धंदा लोहारकाम, राहणार वाशीम.

विषय : मैदानात भाला फेकण्यास घातलेली अट पाळता यावी म्हणून सरकारातून माणूस मिळण्याबद्दल.

संदर्भ : गेल्या पोळ्यानंतर मैदानावर लावलेली ताकीद.

महोदय,

१. अर्जदार हा उभ्या वऱ्हाडात भालाफेकीत पहिला आलेला इसम आहे. हल्ली हे सांगावे लागते, म्हणून आधीच सांगितले. शेतराखणीचे लोक रानडुकरांसाठी त्याच्याकडून भाले घडवून नेत. गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी अर्जदार प्रत्येक भाला मैदानात फेकून पाही. असे करता करता हात बसला आणि अकोल्याच्या सामन्यांत त्याने पलटणीतल्या जवानांनाही मागे टाकले.

२. भट्टीपुढे बसून अर्जदाराची नजर लहानपणीच अधू झाली. लांबचे माणूस त्याला धुरकट दिसते. भाल्यासारखी बारीक वस्तू दिसतच नाही. म्हणून मैदानाच्या पलीकडच्या टोकाला त्याचा दोस्त उदयसिंग लाल फडके घेऊन उभा राही. भाला जमिनीत रुतला की फडके हलवी आणि "पडला रे!" म्हणून हाक देई. मग भाला उपटून आणी आणि दोघे मिळून एक बिडी ओढीत. आपला भाला पडताना अर्जदाराने जन्मात पाहिलेला नाही.

३. पुढे कलकत्त्याच्या सामन्यांसाठी त्याची निवड झाली. भाडे एकाचेच मिळाले, उदयसिंग वाशीमलाच राहिला. कलकत्त्यात अर्जदाराने भाला फेकला, कान टवकारले, पण हाक काही आली नाही. तेव्हा भाला कुठे पडला ते पाहायला तो आखलेली रेघ ओलांडून पुढे चालत गेला. रेघ ओलांडली की फेक बाद, असा तिथला कायदा. पुढच्या खेपेस पंचांनी समजावले, तरी तेच झाले, आणि शेवटच्या खेपेसही तेच. लोक पोट धरून हसले. सर्वांत लांब गेलेला भाला त्याचाच होता असे म्हणतात, म्हणजे असे अर्जदार म्हणतो. अर्ज लिहिणाराने त्याला बजावले की बाबा, अर्जात असली हकीकत लिहीत नसतात. तो म्हणाला, "लिवा. मी काहून पुढं गेलो थे साहेबाले समजलं पाहिजे." तेव्हा लिहिले आहे.

४. उदयसिंग गेल्या शिमग्यात तापाने वारला. त्यानंतर अर्जदार एकटाच भाला फेकी आणि चाचपडत शोधीत फिरे. पोळ्याच्या सुमारास भाला चरत्या म्हशीच्या अगदी तोंडापुढे रुतला आणि ओरड झाली. दिवसही असे आले आहेत की मुसलमानाच्या हातात भाला दिसला की लोक भलतेच बोलतात. म्हणून ताकीद निघाली की पलीकडच्या टोकाला राखणीस दुसरा इसम उभा असल्याशिवाय भाला फेकू नये. ताकीद वाजवी आहे. तक्रार एवढीच की दुसरा इसम नाही.

५. माणूस शोधण्यात अर्जदाराने कसूर केलेली नाही. बायको हलिमा अल्लाला प्यारी झाली, मूलबाळ नाही. चहावाला जमशेद एक संध्याकाळ उभा राहिला. भाला येताना दिसताच ज्या चपला टाकून तो पळाला, त्या अजून अर्जदाराकडे आहेत. हिंदू शेजारी म्हणतात, लोक काय म्हणतील. मुसलमान शेजारीही तेच म्हणतात. शेवटी तो उदयसिंगाची बायको भुरीबाई हिच्याकडे गेला. तिने खुंटीवरचे लाल फडके काढून त्याच्या हाती दिले. "घेऊन जा भाऊ. थे गेले तवापासून याले कोणीच हात नाही लावला." फडके मिळाले, धरणारा मिळाला नाही.

६. सबब विनंती की कचेरीतला एखादा चपराशी संध्याकाळी मैदानात उभा करावा. चपराशी मोकळा नसल्यास साध्या शिक्षेचा एखादा कैदी चालेल. त्याला पळून जायचेच असेल तर त्याने भाला पडल्याचे सांगावे आणि मग खुशाल पळावे, अर्जदार त्याच्यामागे लागणार नाही. रोज जमत नसेल तर निदान बाजाराच्या दिवशी तरी व्हावे.

७. हेही कायद्यात बसत नसेल तर एक अखेरची विनंती आहे. हुजूर संध्याकाळी बंगल्याच्या ओसरीवर चहाला बसतात. ओसरी मैदानाच्या पलीकडच्या टोकालाच आहे. हुजुरांनी धास्ती बाळगू नये. अर्जदाराचा हात आता तिथवर पोचत नाही. खुर्चीवरून उठण्याचीही तसदी नको. भाला रुतला की बसल्या जागेवरून फडके हलवावे आणि "पडला" एवढे म्हणावे.

८. आता सामने नाहीत, बक्षीस नाही, मग या वयात भाला फेकून करायचे काय, असे अर्ज लिहिणाराने त्याला विचारले. साहेब विचारतील म्हणूनच विचारले. अर्जदाराने फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "उदयसिंग गेला तवापासून माहा एकही भाला पडला नाही भाऊ. सारे वरच हायेत."

हे अर्ज लिहिणाराने जसेच्या तसे लिहून घेतले. यावर उपाय हुजुरांना सुचल्यास मेहेरबानी होईल.

आपल्या हाकेची वाट पाहणारा,
रहमतुल्ला वल्द सैफुद्दीन
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा, उजवा भाल्याचा आहे, तो देत नाही म्हणाला)

वाशीम, तारीख १२ नोव्हेंबर १९४६.
दस्तुर : मारोतराव, अर्जनवीस, कचेरीच्या लिंबाखाली.

सोबत : लाल फडके, एक. जुने व विटलेले आहे, पण अर्जदाराला लांबून दिसते.