वहिनींच्या कुंपणामागचा हीट पंप

१८ जाने., रवि.
काल लंडनमध्येच, पिनरला सुलभावहिनींकडे हळदीकुंकू. माझा नवरा शरद गेल्यानंतरचं पहिलंच. जाऊ नये असं वाटत होतं, पण बोलावणं आलं म्हणून गेले. तिळाच्या वड्याही करून नेल्या. सु.व. करंडा घेऊन ओळीने सगळ्यांना कुंकू लावत आल्या. माझ्यापाशी आल्या आणि तशाच पुढे सरकल्या, मधे रिकामी खुर्ची असावी तशा. मग हळूच, "माधवी, तू जरा किचनमध्ये चहाचं बघतेस का?"
बघितलं. सगळ्या बायकांना चहा करून पाजला. वीस वर्षांची ऊठबस आहे त्या घरात. त्यांच्या नवऱ्याला, डॉक्टरांना, शरद सख्ख्या भावासारखा. याचं उट्टं काढल्याशिवाय राहायची नाही मी.

२७ जाने., मंगळ.
देव आहे!
ऑफिसात, म्हणजे कौन्सिलात, आज आमच्या टीमने हीटिंग प्लॅनचा नकाशा उघडला. घराघरांतले गॅस बॉयलर जाणार. त्याऐवजी एका जागी भलामोठा हीट पंप आणि तिथून जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप. पंपाच्या इमारतीसाठी दोन जागा उरल्यात, जुना डेपो नाहीतर शाळेजवळचा कार पार्क. आणि कार पार्कला लागून कुंपण कोणाचं? सु.व.चं! मागच्या काचेच्या कन्झर्वेटरीत चहा पिताना समोर तो पंपच दिसणार. घरी येताना बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे बसला.

५ फेब्रु., गुरु.
जागेची मीटिंग. खोटं एक अक्षर बोलले नाही. डेपोपासून पाइप रेल्वेखालून न्यावे लागतील, खरंच आहे. शाळा आणि वृद्धांचं केअर होम कार पार्कच्या जवळ, हेही खरं. फक्त डेपोच्या आसपास घरं नाहीत, आवाजाचा त्रास कोणालाच नाही, हे सांगायची वेळ आली तेव्हा मला खोकला आला. ग्रॅहम, माझा बॉस, त्याने सगळ्यांना विचारलं, "एनीवन नो एनीबडी ऑन दॅट रोड?" ओळखीचं कोणी असेल तर सांगायचा नियमच आहे. मी बिस्किट उचललं.
कार पार्क ठरला. आता लोकांची मतं घ्यायची.
सईला फोनवर सांगितलं. लेक माझी आणि बाजू कोणाची? तिच्या मोडक्या मराठीत, "आई, तिचा चूक आहे, आय नो. पण धिस इज नॉट ओके. तुझा जॉब जाईल."
बरं बाई.

२४ फेब्रु., मंगळ.
लायब्ररीच्या हॉलमध्ये सभा. समोर टेबलाशी ग्रॅहम आणि मी. खोदकाम, आवाज, घरांच्या किमती... लोक पेटलेले. पहिल्या रांगेत सु.व., गळ्यात मोत्यांचा सर, शेजारी डॉक्टर. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या बोलायला उभ्या राहिल्या. वाटलं, आता रडतील.
तर भर सभेत, मोठ्यांदा, "माधवी इज फॅमिली. लाइक माय ओन सिस्टर. शी विल नेव्हर लेट धिस हॅपन टु अस."
सगळे माझ्याकडे बघायला लागले. ग्रॅहमही.
बाहेर पॅसेजमध्ये त्याने गाठलंच. "इज शी फॅमिली, माधवी?" उद्या सांगते म्हटलं. "बिफोर लंच, प्लीज."

२५ फेब्रु., बुध.
हो म्हटलं तर प्लॅन माझ्या हातून जाणार, जागा नव्याने तपासणार, सु.व. सुटणार. शिवाय गप्प बसले म्हणून माझी चौकशी. नाही म्हटलं तर का नाही, ते सांगणं आलं. कुंकवाचं सांगितलं की तो म्हणणार, म्हणजे तू सूड घेतलास. काय चुकलं त्याचं?
सकाळीच सु.व.चा फोन. "बरोबर बोलले ना गं मी काल? आपल्या माणसाला नाही सांगायचं तर कोणाला?"
इतके दिवस गिळलेलं बाहेर पडलं. "आपलं माणूस ना वहिनी? मग त्या दिवशी मला कुंकू का नाही लावलंत?"
मग म्हणाल्या, "अगं, ते वेगळं. ते काय मी ठरवलंय?"
फोन ठेवला. त्यांची चीड आहेच, ती कुठे जाणार? पण जास्त चीड आली ती स्वतःची. काल त्या फॅमिली म्हणाल्या, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं.
ग्रॅहमचा मेसेज आलाय. "सो, इज शी?"
"नो" एवढंच टाइप केलंय. पाठवलेलं नाही.